तिसऱ्या खणातली ठकी

आमच्या इमारतीची भिंत पहिल्यांदा चाटली ती खरवंडीकरांनी. ‘चाटली’ हा शब्द मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही डोंबिवलीला मानपाडा रोडवरच्या नव्या इमारतीत राहायला गेलो, त्या दिवशीची गोष्ट. खाली टेम्पोतून सामान उतरत होतं. माझी बायको सुनंदा दूध उतू घालायचं पातेलं घेऊन जिना चढत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पांढरा लेंगा-सदरा घातलेला एक साठीचा गृहस्थ भिंतीला तोंड लावून उभा होता. मला वाटलं, घेरी आली असेल.

“काका, पाणी आणू का?” मी विचारलं.

गृहस्थांनी जीभ आत घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “खाडीची रेती आहे. धुतलेलीसुद्धा नाही. तुमचा ब्लॉक कितवा?”

“सात.”

“दोन पावसाळे. मग गिलावा सुटेल.”

दोन पावसाळ्यांनी गिलावा सुटला. सोसायटीची सभा बसली. भिंतीची शास्त्रीय तपासणी करून घ्यावी, असा ठराव चिटणिसांनी मांडला, तेव्हा मागून खरवंडीकर उठले आणि म्हणाले, “ती मी केलेली आहे. चारही मजले.” त्या दिवसापासून आमच्या जिन्यात भिंतीला हात लावायला कुणी धजेना. सुनंदाच्या माहेरची माणसं यायची असली की ती आधी दोन मजले खाली जाऊन, काका भिंतीपाशी नाहीत ना, हे बघून यायची.

ही जिभेची खोड त्यांना नोकरीने लावली होती. पुण्याच्या एका संस्थेच्या उत्खनन खात्यात त्यांनी सगळी हयात काढली. कागदावर हुद्दा लांबलचक होता, पण विचारलं की ते ‘हाडं धुणारा’ एवढंच सांगायचे. फार पूर्वी जिथे गाव नांदून उठलं, अशा पांढरीच्या टेकाडात साहेब लोक चर खणायचे. निघेल ते खरवंडीकरांच्या पाटीत यायचं. ते धुवायचं, सांधायचं, बारीक टाकाने त्यावर काळ्या शाईचा नंबर घालायचा आणि वहीत नोंदवायचं. हाड आणि खडा मातीत सारखेच दिसतात. तिथे जीभ लागते. जुनं हाड जिभेला चिकटतं, खडा चिकटत नाही. खरवंडीकर निवृत्त झाले, जीभ मात्र व्हायला तयार नव्हती.

कल्याणच्या घाऊक बाजारात ते न सडलेले, टरफलासकटचे जव शोधत फिरायचे आणि प्रत्येक पोत्यातला एकेक दाणा चाखायचे. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार वैतागून म्हणाला, “ओ काका, घ्यायचेत का नुसता नाश्ता करायला आलायत?” खरवंडीकरांना राग आला नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचे जव याहून बुटके होते, एवढं त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं. तो जव सोडून आमच्याकडेच बघत राहिला. मी ओळख नसल्यासारखा मिरच्यांचा भाव विचारायला लागलो.

दुसरी त्यांची आवड म्हणजे थर. आमच्या शेजारच्या प्लॉटवर पाया खणायला घेतला, तेव्हा खरवंडीकर रोज सकाळी ब्रश घेऊन खड्ड्यात. जमीन म्हात्रेशेटची, म्हणजे मूळच्या आगरी मालकाची. त्याच्या आजापणजापासून तिथे भात पिकलेला. एकदा खरवंडीकर खड्ड्यातून ओरडले, “हाड! चिकटलं, चिकटलं!” आम्ही चार जण वाकून बघायला लागलो. म्हात्रेशेट वरून म्हणाला, “चिकटंल नाय तं काय! माझ्या पोराच्या हलदीच्या मटनाचा हाय त्यो. तुना वाटला काय?” खरवंडीकरांनी हाड खिशात ठेवलं आणि म्हणाले, “हरकत नाही. वरचा थर.”

हा ‘वरचा थर’ त्यांचा परवलीचा शब्द. कुणाची बढती, कुणाच्या मुलीचं लग्न, कुठल्या पक्षाची सत्ता, सगळं वरच्या थरातलं. एकदा चहात साखर कमी पडली म्हणून मी सुनंदावर चिडलो. खरवंडीकर समोर बसले होते. म्हणाले, “साखर हा वरचा थर झाला, साठे. जरा खाली बघा.” आम्ही खाली बघितलं आणि दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. पुढे काही दिवस मी त्यांना चहाला बोलावणंच बंद केलं.

राहायचे ते एकटे. ब्लॉक भाच्याचा, भाचा मस्कतला. ‘मे महिन्यात येतोय’ हे मी त्यांच्या तोंडून दरवर्षी ऐकलं. मेच्या पहिल्या आठवड्यात ते भाच्याची गादी गच्चीत ऊन द्यायला घालायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गुंडाळून ठेवायचे. भाचा आला, तो ते गेल्यावर, कागदांवर सह्या करायला.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी काळ्या शाईचा बारीक नंबर घातला होता. छत्री नऊ, चमचा चौदा. घरात खुर्ची एकच, तिच्यावरही एक.

“एकच आहे, तर नंबर कशाला?” मी विचारलं.

“दुसरी आली तर घोटाळा नको.”

दुसरी आली नाही. आम्ही गेलो की खुर्ची मला मिळायची, सुनंदा उंबऱ्यात टेकायची आणि ते ट्रंकेवर बसायचे. गोतावळा म्हणून त्यांच्या बोलण्यात एकच नाव यायचं, ठकी. ठकीच्या घरी सारवलेली जमीन किती गुळगुळीत होती. ठकीकडे कुळीथ आणि मसूर भरपूर. अंगणात धान्याचं पेव होतं, ते तोंडापर्यंत भरलेलं. बोलताना त्यांचा आवाज एरवीपेक्षा हळू व्हायचा. इमारतीतल्या बायकांनी आपसांत ठरवून टाकलं, की ही त्यांची मुलगी. नगरकडे मोठ्या शेतकऱ्याच्या घरी दिलेली असणार आणि सासरचे पाठवत नसणार.

एका संक्रांतीला सुनंदा तिळगूळ घेऊन गेली आणि तिने धीर करून विचारलंच, “काका, ठकीला माहेरी कधी आणणार?”

“तिला आणता येत नाही हो, वहिनी. ती पुण्याला कपाटात आहे.”

“कपाटात?”

“तिसऱ्या खणात. डांबराच्या गोळ्या मीच ठेवायचो. आता कुणी ठेवतं की नाही, देव जाणे.”

सुनंदा तिळगुळाची वाटी तिथेच टाकून धावत वर आली. मी खाली गेलो तेव्हा खरवंडीकर वाटी हातात धरून दारातच उभे होते. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं नव्हतं. मग त्यांनी मला ट्रंकेवर शेजारी बसवून ठकीची सगळी हकीकत सांगितली.

नगर जिल्ह्यात एका नदीकाठी त्यांनी खणलेलं ते गाव. त्या भागात पहिल्यांदा पेरणी करणाऱ्या माणसांचं. कुडाच्या झोपड्या, मातीच्या चुली, जळून कोळसा झालेले जव. त्या लोकांत लहान मूल गेलं की त्याला दूर नेत नसत. दोन मडकी घ्यायची, मूल आत ठेवायचं, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करायची आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची. वरून सारवून घ्यायचं आणि रात्री तिथेच अंथरूण पसरायचं.

“म्हणजे त्याच्यावरच झोपायचे?” मी विचारलं.

“जवळच ना? एवढ्याशा जिवाला एकटं कुठे ठेवणार?” ते म्हणाले.

अशीच एक मडक्यांची जोडी खरवंडीकरांनी स्वतःच्या हाताने सोडवली होती. नंबर तेहतीस. आत वर्षाच्याही आतलं मूल. एवढ्या लहान हाडांवरून मुलगा की मुलगी, ते कुणालाच सांगता येत नाही. साहेबांनी वहीत ‘बालक’ लिहिलं. खरवंडीकरांनी मनात ठकी म्हटलं आणि पुढे ते नाव तोंडातही बसलं.

ठकीची माणसं आली कुठून, यावर साहेब लोकांची भांडणं होती. कुणी म्हणे, शेती शिकून पश्चिमेकडून उतरली. कुणी म्हणे, इथलीच शिकार करणारी माणसं हळूहळू पेरायला लागली. परिषदांमध्ये एकमेकांचे चहा घेईनासे झाले होते. खरवंडीकर चहा द्यायला असायचे. ते म्हणाले, “सगळे एकमेकांना विचारतात. ठकीला कुणी विचारत नाही.”

ठकीला विचारायची सोय निघते आहे, हे त्यांना एका रविवारच्या पुरवणीतून कळलं. जुन्या हाडांतून आणि दातांतून डीएनए काढता येतो, त्यावरून माणूस बाई की पुरुष, आणि त्याचे पूर्वज कुणाच्या जवळचे, ते सांगता येईल, अशा मजकुराचं कात्रण घेऊन ते माझ्याकडे आले.

“साठे, तुम्ही केमिस्ट ना?”

“मी रंगाच्या कारखान्यात आहे, काका. लाल रंग लालच झालाय का, ते बघतो.”

“म्हणजे प्रयोगशाळेतलेच. हे वाचा आणि मला समजावून सांगा.”

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण समोर बसून ऐकणारा माणूस मिळाल्यावर मी मागे हटणाऱ्यातला नव्हतो. दर रविवारी मी दडपून व्याख्यान द्यायचो आणि खरवंडीकर वहीत उतरवून घ्यायचे. मग प्रयोगशाळांना पत्रं सुरू झाली. मसुदा ते करायचे, इंग्रजी मी. “सदर बालिका सुमारे तीन हजार वर्षांची असून तिची प्रकृती एकंदरीत उत्तम आहे,” असं एका मसुद्यात होतं. मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. ते हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य खोडून दुसरं लिहिलं आणि मला वाचायला दिलं.

उत्तर एकाही पत्राला आलं नाही. पोस्टमन आला की ते जिन्यात जाऊन उभे राहायचे. अशी सात-आठ वर्षं गेली. मला आता कबूल करायला लाज वाटते, पण शेवटची काही पत्रं मी पोस्टात टाकलीच नाहीत. म्हातारबुवांचा नाद म्हणून ती कारखान्याच्या खणात तशीच पडून राहिली.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं तेव्हा एक पत्र आलं, तेही आमच्या कुठल्याच पत्राला उत्तर म्हणून नाही. चारू नावाची त्यांची एक विद्यार्थिनी होती. विद्यार्थिनी म्हणजे साहेबांची. पण ब्रश कसा धरायचा, ते तिला यांनी शिकवलेलं. ती आता दक्षिणेकडे एका प्रयोगशाळेत डॉक्टरीण झाली होती. तिने लिहिलं होतं: काका, आमच्याकडे जुन्या दातांवर काम सुरू होतंय. संस्थेने परवानगी दिली आहे. तुमच्या वहीतला सगळ्यात चांगला नमुना कोणता?

खरवंडीकर ते पत्र घेऊन सगळ्या मजल्यांवर जाऊन आले. म्हात्रेशेटच्या घरीही जाऊन आले. म्हात्रेशेट म्हणाला, “बरा झाला बाबा. आता तरी पोरीचा गाव कलंल.”

पुण्याला जायच्या दिवशी मी त्यांना कल्याणला गाडीत बसवून द्यायला गेलो. इस्त्रीचा कोट, पिशवीत ब्रश, कापूस आणि सातूच्या पिठाचा एक लाडू.

“लाडू कुणाला?”

ते पिशवीचं तोंड आवळत म्हणाले, “चारूला.”

संध्याकाळी परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. चारूने तोंडाला फडकं बांधलं होतं, हातात रबरी मोजे होते. ठकीचे दोन दात तिने चिमट्याने उचलले. “आणि माझेही केस घेतले,” टक्कल चाचपत ते म्हणाले. “होते त्यातले चार. नियम आहे. ज्याचा ज्याचा हात लागला, त्याचे घेतात. ठकीच्या बाटलीशेजारीच माझी बाटली ठेवली.”

मग वाट बघणं आलं. आठ-नऊ महिने खरवंडीकर रोज काहीतरी विचारायला वर यायचे. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. ठकी मुलगीच आहे ना, आणि तिची माणसं कुठली. दुसऱ्या प्रश्नाचं काहीही उत्तर चालणार होतं. पहिल्याचं एकच चालणार होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

चारूचं पत्र आलं. अजून तपासण्या व्हायच्या आहेत, घाईने काही ठरवू नका, असं सुरुवातीला लिहून पुढे एक ओळ होती. खरवंडीकरांनी तीवर बोट ठेवलं. “हे वाय म्हणजे काय हो, साठे?”

मला एवढं मात्र येत होतं. “पुरुष, काका. मुलगा आहे.”

“मुलगा?”

“हो. अभिनंदन!” मी म्हणालो. विनोद करायची ती वेळ नव्हती, पण माझं तोंड असंच आहे.

त्यांनी पत्राची घडी घातली. “तीस वर्षं मी त्याला ठकी म्हणतोय,” ते म्हणाले. “काय वाटलं असेल त्याला?” आणि उठून गेले.

पुढचे पंधरा दिवस ते जिन्यात दिसले नाहीत. सुनंदा रोज डबा घेऊन जायची. एकदा म्हणाली, “तुम्ही जा जरा. त्यांच्याकडे सुतक असल्यासारखं झालंय.” मी गेलो. ते ट्रंकेवर बसले होते, खुर्ची रिकामी.

“मुलगा असला म्हणून काय झालं, काका?” मी म्हणालो.

“काही नाही. मुलगाही गोडच असणार. पण त्याची माझी ओळख नाही हो, साठे. ठकीची होती.”

मी त्या नंबर घातलेल्या खुर्चीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो आणि मग घरी आलो.

एका रविवारी चारू स्वतः आली. चाळिशीची, साधी, खांद्याला झोळी. खरवंडीकरांनी केमिस्ट म्हणून मला बोलावून घेतलं, म्हणून चहा घेऊन सुनंदाही आली. चारूला खुर्ची दिली, आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसलो. ती बराच वेळ घरातल्या वस्तूंवरचे नंबर बघत होती.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “तो मुलगा ठकी नाही.”

“मग कोण?”

“तुम्ही.”

खरवंडीकर माझ्याकडे बघायला लागले. मी चारूकडे.

“दातात जे सापडलं, ते तुमचं आहे. आईकडून मुलांना जातो तो भागही मिळाला. तोसुद्धा तुमच्या केसांशी जुळला.”

“आई?” ते गोंधळून म्हणाले. “आई तर गाव सोडून कधी कुठे गेली नाही.”

“साध्या शब्दांत सांगायचं तर नमुना उष्टा झाला होता, काका. पण मला एक कळत नाही. नुसता हात लागला तर एवढं राहत नाही. वरचा थर आम्ही घासून काढतो. हे अगदी आत मुरलंय. जिभेला एकदा लावलं तरी इतकं जाणार नाही. दात कुठे भिजत वगैरे ठेवले होते का?”

खरवंडीकरांनी चहाची बशी खाली ठेवली. बशीतला चहा निवून गेला. मग मान वर न करता ते सांगायला लागले.

“दुपारची वेळ होती. साहेब तंबूत जेवायला गेले होते. मडकं उघडलं आणि वारं सुटलं. तिचे दात बाहेर आलेलेच नव्हते. जबड्यात आतल्या आत तयार होत होते. सहा होते. ज्वारीच्या दाण्याएवढे. जबड्याचा भुगा झाला आणि दात माझ्या तळहातावर आले. कापूस नाही, बाटली नाही, हाक मारावी तर जवळ कुणी नाही. खिशात ठेवले तर खिसा फाटका. म्हटलं, एखादा उडाला तर मातीत परत सापडायचा नाही. मग तोंडात धरले. गालाच्या आत. तंबू लांब होता. वाटेत मुकादमाने काहीतरी विचारलं. मी बोललो नाही कुणाशी.”

चारूने डोळे पुसले. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण माझंही तेच झालं होतं.

“कुणाला सांगितलं नाही,” ते म्हणाले. “वहीत लिहायला हवं होतं. साहेब रागावले असते. तीस वर्षांत तिला एकदाच विचारायला मिळालं, चारू, आणि उत्तर मी दिलं. उष्टं केलं मी तिला.”

“लेकराचं कुठे उष्टं असतं, काका?” सुनंदा म्हणाली.

थोड्या वेळाने खरवंडीकरांनी चष्मा नीट केला. “म्हणजे ती मुलगा आहे, असं नाही ना?”

“नाही. तसं काहीच कळलेलं नाही. तिचं स्वतःचं म्हणून काही हाती लागलंच नाही.”

“मुलगी असू शकते?”

“असू शकते, काका.”

“मग ठीक,” ते म्हणाले आणि निवलेला चहा एका घोटात प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांनी रंग आला. मग पुन्हा मान खाली गेली. “पण तिची माणसं कुठली, ते आता कळायचं नाही.”

चारू म्हणाली, आज नाही कळणार. चार दात अजून खणात आहेत. पुढे कधीतरी याहून बारीक काम करणारी यंत्रं येतील. तेव्हा तुमचं काय आहे ते नक्की माहीत असलं, तर ते वजा करता येईल. वजा करून उरेल ते तिचं.

ती निघाली तेव्हा खरवंडीकर तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. परत येताना वळणावरच्या भिंतीपाशी थांबले. नुकताच नवा गिलावा झाला होता. मला वाटलं, आता जीभ बाहेर येणार. त्यांनी भिंतीवरून नुसता हात फिरवला आणि जिना चढून गेले. त्यानंतर मी त्यांना कशालाही जीभ लावताना पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी कारखान्याच्या खणातली ती न टाकलेली पत्रं घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी ती एकेक करून बघितली, क्रमाने लावली आणि ट्रंकेत ठेवली. “वरचा थर,” म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. घराबाहेर पडणं बंद झालं. एक दिवस निरोप आला म्हणून गेलो, तर गाल सुजलेला. फडके रोडवरच्या दातांच्या डॉक्टरांना घरी बोलावून त्यांनी एक दाढ काढून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, दाढ चांगली आहे, राहू द्या, पण ऐकेनात. फिल्मच्या रोलच्या काळ्या डबीत कापूस घालून त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली.

“चारूला पत्र टाकलंय. संस्थेतही कळवलंय. तिसऱ्या खणात ठेवून घेतील. एवढी पुण्याला पोचवा. पोस्टाने नको.” माझ्याकडे बघून ते हे म्हणाले, तेव्हा मी नजर खाली घातली. “केसांचं काय, केस उडून जातात. दात टिकतो. पुढे कधी हिशेब लावायला बसले, तर शोधाशोध नको. शेजारीच असलेला बरा.”

मी डबी उघडून बघितली. दाढेच्या मुळापाशी टाकाने घातलेला नंबर होता. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ होतं. तेहतीस-अ.

त्यांनी वहीही दाखवली. तेहतीस नंबरच्या नोंदीपुढे शेऱ्याची जागा तीस वर्षं कोरी होती. तिथे नव्या शाईने लिहिलं होतं, ‘दात तोंडात धरून आणले. वा. ग. खरवंडीकर.’

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. कल्याणला गाडी पकडली. डबी कोटाच्या आतल्या खिशात होती. खिसा फाटका नाही ना, हे सुनंदाने निघताना दोनदा बघितलं होतं, तरी मी वरून हात धरून बसलो. कर्जत गेलं, गाडी घाट चढायला लागली. खिडकीची काच बसत नव्हती आणि वारं होतं. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली करून विचारलं, “पुण्याला का? कामानिमित्त?” एरवी मी त्यांना पुणं येईपर्यंत सोडलं नसतं. मी नुसती मान हलवली. संस्थेच्या फाटकापर्यंत मी कुणाशी बोललो नाही.